बोटीचा वेग कोण ठरवतो?

उमरठ हे डोंगरांच्या कुशीतले गाव. नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी इथे आहे, म्हणून लांबून लांबून माणसे येतात. पण बोटीत बसायला इथे कोणी येत नाही. तरी या भागातल्या लोकांचे मोठ्या पाण्याशी नाते आहेच. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर ओलांडले की तापोळा येतो, म्हणजे कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. उलट दिशेला पोलादपूर, महाड, दासगाव असे खाली उतरत गेले की सावित्री नदीची खाडी होते आणि ती बाणकोटजवळ समुद्राला मिळते. पूर्वी भरतीच्या पाण्यावर मचवे आणि गलबते महाड बंदरापर्यंत येत असत. दासगाव, आंबेत, म्हाप्रळ, बाणकोट या काठावरच्या कितीतरी मुस्लिम घरांत तांडेल, खलाशी, नाखवा होऊन गेले. त्यांची नातवंडे आज जहाजांवर किंवा आखातात नोकरी करतात.

आता बोट ही पोटापाण्यापेक्षा सहलीची गोष्ट झाली आहे. ईदच्या सुट्टीत किंवा मे महिन्यात दोन-तीन घरची मंडळी मिळून तापोळ्याला जातात आणि तासाभरासाठी मोटारबोट घेतात. कोणी परदेशातून परत आल्यावर खाडीत फिरायला स्वतःची छोटी बोट घेण्याचा विचार करतो. दोन्ही ठिकाणी एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: बोट किती वेगाने न्यायची? हा निर्णय मग आपोआप होतो. मागे बसलेली तरुण मुले ‘अजून पळवा’ म्हणून ओरडतात, बोटवाल्याची नजर पुढच्या फेरीवर असते, आणि दादी एका हाताने बोटीची कड व दुसऱ्या हाताने नातवाला घट्ट धरून गप्प बसते. जो गप्प बसला त्याचे मत धरलेच जात नाही. म्हणून हा विषय घराघरात, निघण्यापूर्वी बोलला जावा असे वाटते.

नियमात आकडा नाही

रस्त्यावर वेगाची पाटी असते. पाण्यावर बंदराच्या तोंडाशी, धक्क्याजवळ अशी मर्यादा कधी असते. पण मोकळ्या पाण्यात ती नसते. समुद्रावर टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम झाले, त्यातला सहावा नियम वेगाबद्दल आहे. त्यात ताशी इतके किलोमीटर असा एकही आकडा नाही. प्रत्येक जहाजाने नेहमी ‘सुरक्षित वेगाने’ चालावे, म्हणजे धडक टाळता येईल आणि त्या वेळच्या परिस्थितीत पुरेशा अंतरात थांबता येईल इतक्याच वेगाने, असे तो सांगतो. मग काय काय पाहायचे ते येते: किती दूरचे दिसते आहे, आसपास किती बोटी आहेत, आपली बोट किती लवकर वळते आणि थांबते, वारा, लाटा व प्रवाह कसा आहे, तळाशी पाणी किती खोल आहे, रात्री किनाऱ्यावरचे दिवे डोळ्यांवर येतात का.

नियम समुद्रातल्या जहाजांसाठी असला तरी विचार तलावातल्या छोट्या बोटीलाही तितकाच लागू पडतो. वेग हा कंपनीच्या माहितीपत्रकात मिळत नाही. तो त्या दिवशी, त्या पाण्यावर, त्या माणसांना पाहून ठरवावा लागतो. तो ठरवायचा कसा, ते आता पाहू.

बोट पाण्यातून चालते की पाण्यावरून

सावकाश चालणारी बोट पाणी बाजूला सारत पुढे जाते. तिच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, एक लाट उठते. वेग वाढला की ही लाट लांब होत जाते आणि एका क्षणी तिची लांबी बोटीच्या लांबीइतकी होते. आता बोट जणू स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते. इथून पुढे इंजिनाने कितीही जोर लावला तरी वेग थोडाच वाढतो आणि इंधन मात्र भराभर जाते. हा वेग काढण्याचा एक सोपा हिशेब आहे. पाण्याला टेकलेल्या भागाची लांबी फुटांत घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि १.३४ ने गुणायचे. उत्तर नॉटमध्ये येते. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. १६ फुटी बोटीसाठी हे सुमारे ५.४ नॉट, म्हणजे ताशी १० किलोमीटर होतात. २५ फुटी बोटीसाठी ६.७ नॉट, म्हणजे साधारण १२.४ किलोमीटर. आठवी-नववीच्या मुलांना वर्गमूळ कशाला शिकायचे असा प्रश्न पडतो, त्यांना हे उदाहरण जरूर द्यावे.

सपाट किंवा उथळ ‘व्ही’ आकाराच्या बुडाची, हलकी आणि दमदार इंजिनाची बोट मात्र ही अडचण ओलांडते. पुरेसा जोर मिळाला की ती पाण्यावर चढते आणि पृष्ठभागावरून घसरत जाते. पाण्यावर चपटा दगड भिरकावला की तो टप्पे घेत जातो, तसेच काहीसे. लहान बोटींत हे साधारण ताशी २२ ते २८ किलोमीटरच्या आसपास घडते. ओझे जास्त असेल तर त्याहून अधिक वेग लागतो.

खरी गोम या दोन अवस्थांच्या मधे आहे. बोट धड पाण्यातून चालत नाही, धड पाण्यावर चढलेली नाही. नाळ वर उचललेली, शेपटी खाली दबलेली. चालवणाऱ्याला समोरचे पाणी नीट दिसत नाही, मागे मोठ्या लाटा उठतात आणि इंधन सगळ्यात जास्त जळते. पुष्कळ लोकांना वाटते की मधला वेग म्हणजे सुरक्षित वेग. बोटीच्या बाबतीत हा समज चुकीचा ठरतो. एकतर शांतपणे सावकाश जावे, नाहीतर बोट पाण्यावर नीट चढल्यावर थोडे थ्रॉटल कमी करून ती टेकलेली न राहता सहज चालेल अशा वेगावर स्थिर ठेवावी.

माणसे जास्त बसली की चढण्याजोगी बोटही चढत नाही. अशा वेळी कित्येकदा थ्रॉटल पुढे ढकलत राहिले जाते आणि सगळी फेरी या मधल्या, वाईट अवस्थेतच होते. नाळ वर करून, मागे लाटांचा ढीग उठवत बोट चाललेली दिसली तर समजावे की एकतर माणसे जास्त आहेत किंवा वेग चुकीचा आहे. चढत नसेल तर वेग कमी करून पाण्यातूनच शांत न्यावी, हाच त्यावर उपाय.

पेट्रोलचा हिशेब

ज्यांच्या घरी स्वतःची बोट आहे किंवा येणार आहे, त्यांनी एक वही करावी. वारा नसलेल्या सकाळी, नेहमी असतात तितकी माणसे बसवून, इंजिनाच्या वेगवेगळ्या फेऱ्यांवर, म्हणजे आरपीएमवर, बोट चालवावी. मोबाइलवर जीपीएसने वेग दिसतो. प्रत्येक वेळी तेच अंतर जाऊन-येऊन दोन्ही बाजूंनी मोजावे आणि सरासरी काढावी, म्हणजे वारा व प्रवाहाचा फरक निघून जातो. तासाला किती पेट्रोल लागले तेही लिहावे.

समजा, ४० एचपीच्या इंजिनाच्या एका १६ फुटी बोटीची वही अशी भरली: १,५०० फेऱ्यांवर ताशी ९ किलोमीटर, तासाला २ लिटर. २,५०० वर १४ किलोमीटर, ६ लिटर. ३,८०० वर ३० किलोमीटर, ९ लिटर. आणि ५,५०० वर, म्हणजे थ्रॉटल पूर्ण उघडून, ४२ किलोमीटर, १५ लिटर. आता १४ किलोमीटरची एक सफर घेऊ. पहिल्या वेगाने साधारण ९३ मिनिटे आणि ३.१ लिटर लागतात. दुसऱ्या वेगाने एक तास आणि ६ लिटर. तिसऱ्याने २८ मिनिटे आणि ४.२ लिटर. चौथ्याने २० मिनिटे आणि ५ लिटर. म्हणजे सगळ्यात महाग वेग निघाला तो दुसरा, ताशी १४ किलोमीटरचा. पूर्ण वेगाने गेलेल्या बोटीपेक्षाही त्याला जास्त पेट्रोल लागले. आकडे प्रत्येक बोटीचे वेगळे येतील, पण बहुतेक हलक्या, वेगवान बोटींच्या वहीत हा खळगा दिसेल.

दुसरी गोष्ट अशी की ३० वरून ४२ वर गेल्याने फक्त ८ मिनिटे वाचली. ती ८ मिनिटे कशाच्या बदल्यात मिळाली? इंजिन पूर्ण ताणावर, राखीव ताकद शून्य, आवाज कानठळ्या बसवणारा आणि हादरे दुप्पट. म्हणून जाणकार पूर्ण ताकदीच्या हजार-दीड हजार फेऱ्या खालीच इंजिन चालवतात. एखादी लाट समोर आली किंवा एकाएकी बाजूला व्हावे लागले तर हाताशी थोडा जोर शिल्लक हवा.

आपल्याकडे वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये अशी शिकवण आहे. ज्या दीनमध्ये नदीच्या पाण्याचाही इसराफ नापसंत आहे, तिथे केवळ शेजारच्या बोटीला मागे टाकण्यासाठी पेट्रोल जाळणे कसे पसंत असेल?

इंधनाच्या बाबतीत दर्यावर्दी लोकांचा जुना दंडक लक्षात ठेवावा: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश राखीव. खाडीत किंवा जलाशयात पेट्रोल पंप नसतो.

पाणी कसे आहे

सावित्रीच्या खाडीत भरती-ओहोटीचा जोर चांगला जाणवतो. त्याचे गणित मुलांकडून करून घेण्याजोगे आहे. समजा, ताशी १० किलोमीटर चालणारी होडी २१ किलोमीटर जाऊन परत येते. पाणी स्थिर असेल तर ४ तास १२ मिनिटे लागतील. पाण्याला ताशी ४ किलोमीटर ओढ असेल तर ओढीबरोबर जाताना वेग १४, म्हणजे दीड तास. ओढीविरुद्ध येताना वेग ६, म्हणजे साडेतीन तास. एकूण ५ तास. जाताना मिळालेले येताना सगळे गेले आणि वर ४८ मिनिटे जास्त लागली. ताशी २४ किलोमीटरच्या बोटीला याच प्रवासात जेमतेम ३ मिनिटांचा फरक पडतो. जुने तांडेल मुकाट्याने भरतीची वाट पाहत बसत, त्यामागे हेच गणित होते. बोट सावकाश चालणारी असेल तर वेग वाढवण्यापेक्षा निघण्याची वेळ बदलावी.

दुसरी बाब खोलीची. जलाशयाचे पाणी पावसाळ्यानंतर भरलेले असते आणि उन्हाळ्यापर्यंत उतरत जाते. कोयनेच्या पाण्याखाली गावे, शेते आणि झाडे गेलेली आहेत. ऑक्टोबरमध्ये ज्या जागेवरून बोट निर्धोक गेली, तिथे मे महिन्यात एखादे खोड किंवा खडक पाण्याच्या जरासा खाली असू शकतो. म्हणून काठाजवळ, अरुंद फाट्यात आणि अनोळखी पाण्यात वेग इतका कमी ठेवावा की बोट कशाला टेकली तरी माणसे पुढे फेकली जाऊ नयेत.

तिसरी बाब आपल्या मागे उठणाऱ्या लाटांची. खाडीत जाळे टाकून बसलेला मच्छीमार, काठावर कपडे धुणाऱ्या बाया, पोहणारी मुले, धक्क्याला बांधलेल्या होड्या, या सगळ्यांपर्यंत आपली लाट पोहोचते. आपण पुढे निघून गेलेलो असतो, पण लाट तिथे मागाहून जाते. शेजाऱ्याचा हक्क पाण्यावर संपत नाही. माणसे आणि छोट्या होड्या दिसल्या की दूरवरच थ्रॉटल कमी करावे. अगदी जवळ आल्यावर एकदम कमी केले तर बोट खाली बसताना उलट मोठी लाट उठते.

बोटीत कोण बसले आहे

इमामाने जमाअतच्या नमाजमध्ये लांबण लावू नये, कारण मागे अशक्त, वृद्ध आणि कामाची घाई असलेली माणसे असतात, ही शिकवण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पुढे असलेल्याने मागच्या सगळ्यात दुबळ्या माणसाकडे पाहून आपली चाल ठरवायची, हे त्याचे मर्म. सुकाणू हातात घेणाऱ्यालाही हेच लागू पडते.

वेगात असलेली बोट लाटेवर आदळते तेव्हा सगळ्यात जास्त हादरा नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या बाकावर बसतो. मुलांना नेमकी तीच जागा आवडते. गरोदर बाई, कंबर-मणक्याचे दुखणे असलेले बुजुर्ग, नुकतेच ऑपरेशन झालेले माणूस आणि मांडीवर लहान बाळ घेतलेली आई यांना मध्यावर किंवा मागच्या बाजूला बसवावे, आणि ते बोटीत आहेत एवढ्यासाठीच वेग एक पायरी खाली ठेवावा. तरुणांना वेगाची हौस असेल तर त्यांची वेगळी फेरी करावी. तीसुद्धा लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे बांधून.

बोटीला ब्रेक नसतो, हे मुलांना समजावून सांगावे. ताशी ३६ किलोमीटर वेग म्हणजे एका सेकंदाला १० मीटर. चालवणाऱ्याने मोबाइलकडे दोन सेकंद पाहिले की बोट २० मीटर न बघता गेली. आणि वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला. डझनाहून जास्त जीव गेले. प्रवासी बोटीतली माणसे लेणी पाहायला निघालेली होती, तुमच्या-आमच्यासारखी, मुलाबाळांसह. त्यांच्या बोटीचा वेग किती होता याने तिथे काही फरक पडला नसता. वेग दुसऱ्याचा होता. म्हणून वेग ही खासगी बाब मानता येत नाही. आपण किती जोरात जायचे हे ठरवतो, तेव्हा समोरच्या बोटीतल्या अनोळखी मुलांसाठीही ठरवत असतो.

बसण्यापूर्वी दोन शब्द

भाड्याची बोट असेल तर पैसे देण्यापूर्वीच बोलावे. बोटीत बसल्यावर इंजिनाच्या आवाजात कोणाचे कोण ऐकणार? ‘मामा, सोबत म्हातारी माणसे आहेत, सावकाश न्या. फेरी दहा मिनिटे लांबली तरी चालेल, कमी ठिकाणी गेलो तरी चालेल,’ इतके म्हटले की बहुतेक बोटवाले खुशीने ऐकतात. त्यांना घाई असते ती गिऱ्हाईक कुरकुर करील म्हणून. बोटीत किती माणसांची परवानगी आहे ते विचारावे. आपल्या कुटुंबाची माणसे जास्त असतील तर दोन बोटी कराव्यात. ‘मुले मांडीवर बसतील’ हा हिशेब पाण्यावर चालत नाही. प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचे जॅकेट मिळाल्याशिवाय बसू नये. आणि वेगाची भीती वाटली तर ते मोठ्याने सांगण्याचा हक्क घरातल्या प्रत्येक बाईला आणि मुलाला आहे, हे घरच्या कर्त्याने सगळ्यांसमोर बोलून ठेवावे.

स्वतःची बोट असेल तर २०२१ च्या अंतर्देशीय जलवाहन कायद्याप्रमाणे नोंदणी आणि तपासणीची कामे आधी पुरी करावीत. इंजिनाला ‘किल स्विच’ची दोरी असते, चालवणारा पाण्यात पडला तर ती ओढली जाऊन इंजिन बंद पडते. ती मनगटाला किंवा जॅकेटला अडकवल्याशिवाय इंजिन चालू करू नये. दोरी नुसती लटकत ठेवली तर ती असून नसल्यासारखीच.

परतीची वेळ मगरिबच्या अंधाराशी जोडून पाहावी. असरच्या सुमारास परत फिरलेल्या बोटीला घाई करावी लागत नाही. उशीर झाला की मग अंधार पडू लागलेला, पाणी अनोळखी, मुले दमलेली, आणि त्यातच थ्रॉटल पूर्ण उघडलेले. वर केलेल्या हिशेबात पूर्ण वेगाने ८ मिनिटे वाचली होती. तेवढी मिनिटे चहाचा एक कप कमी घेऊन किंवा धक्क्यावर थोडे लवकर जमून सहज वाचवता येतात.

हजरत लुकमान यांनी आपल्या मुलाला केलेल्या नसीहतीत चालण्यातल्या मध्यमपणाचीही गोष्ट येते. पाण्यावर ती मियानारवी म्हणजे ठरावीक आकडा नव्हे, हे आपण पाहिले. बोट आपल्या जागी सहज चालते आहे, समोरचे स्वच्छ दिसते आहे, इंजिनात जोर शिल्लक आहे, मागे कोणाची होडी हेलकावत नाही आणि दादीने कड सोडून हात मांडीवर ठेवला आहे, असा जो वेग, तो त्या दिवसाचा योग्य वेग. सफरची दुआ पढून झाली की एकदा मागे वळून दादीच्या हाताकडे पाहावे आणि मगच थ्रॉटलला हात घालावा.